जर्मनीतले पहिले सहा महिने: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

जर्मनीला निघालेल्या मुलामुलींचे फोन आले की पहिला प्रश्न बहुतेक सामानाचा असतो. किती डाळ न्यावी, कुकर चालेल का, जाड जॅकेट पुण्यात घ्यावं की तिकडे. तेही खाली सांगते. पण इथे येऊन लोक खरे अडकतात ते कागदांत. मी साताऱ्याची. मास्टर्ससाठी श्टुटगार्टला आले, शिक्षण संपवून इथेच नोकरीला लागले. दर सप्टेंबर-ऑक्टोबरला नव्याने आलेल्यांसोबत सरकारी कार्यालयात, घरमालकाकडे, बँकेत जाते. प्रत्येक वेळी त्याच चार-पाच ठिकाणी गाडी अडते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायला घेतलं.

एक गोष्ट मनाशी पक्की करा: इथे प्रत्येक कागदासाठी आधी दुसरा कागद लागतो आणि सगळ्याची सुरुवात नोंदणी करता येईल अशा पत्त्यापासून होते. पत्ता नोंदला नाही तर कर क्रमांक येत नाही. कर क्रमांक नोकरी देणाऱ्याला दिला नाही तर पगारातून सगळ्यात जास्त दराने कर कापला जातो. निवास परवान्याचा अर्जही त्या पत्त्याच्या शहरातच करायचा असतो. म्हणून पैसा आणि वेळ कुठे घालवायचा असा प्रश्न आला की आधी पत्ता, मग बाकी सगळं.

खालचे आकडे 2026 च्या सुरुवातीचे आहेत. इथले बरेच दर जानेवारीत बदलतात, तेव्हा भरण्याआधी चालू आकडा पाहून घ्या.

1. निघण्याआधी गोळा करायचे कागद

हे सगळं मूळ प्रतीत, हातातल्या बॅगेत घ्या. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. स्कॅन करून ईमेलवर ठेवा.

- पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र किंवा नोकरीचा करार
- पदवी प्रमाणपत्र आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका
- विद्यार्थ्यांसाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागद तपासून खरे ठरल्याचं, प्रमाणपत्र (2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी ते लागतं)
- श्पेरकोंटोचं, म्हणजे गोठवलेल्या खात्याचं पत्र. 2024 च्या सप्टेंबरपासून वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 तुमच्या हातात येतात
- आरोग्य विम्याचं पत्र
- जन्म दाखला, लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला
- लसीकरणाची नोंद. रुग्णालय, शाळा किंवा पाळणाघरात काम करणार असाल तर गोवराच्या लसीचा पुरावा मागतातच
- अनुभवपत्रं, भारतातला वाहन परवाना, चालू औषधांची इंग्रजीतली चिठ्ठी (औषधाचं मूळ नाव लिहिलेली, फक्त ब्रँडचं नको)

जन्म दाखला केवळ मराठीत असेल तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला काढून घ्या. इथून फोनवरून तो काढायचा म्हणजे आई-बाबांना हेलपाटे. अपोस्टिलच्या, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून घेतलेल्या सरकारी शिक्क्याच्या, बाबतीत सावध राहा. भारत 2005 मध्ये त्यासाठीच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, त्यामुळे भारतीय कागदांवरच्या अपोस्टिलचा जर्मनीत उपयोग होत नाही. एजंट मात्र सर्रास ते करून देतो म्हणतात. जर्मन कार्यालयाने लेखी मागितल्याशिवाय त्यावर एक रुपयाही घालवू नका.

आता नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे तेही तुमचंच नाव समजतात. मग करारात एक नाव, बँकेत दुसरं, विमान तिकिटावर तिसरं असं झालं की ऑनलाइन ओळख पडताळणी अडते आणि विमा कंपनी तुमची दोन वेगळी माणसं करून ठेवते. जसं पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे लिहा.

आणि भाषा. कोर्स इंग्रजीत असला, ऑफिसात इंग्रजी चालत असली तरी घरमालक, टपाल, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि सरकारी पत्रं जर्मनमध्येच असतात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. ए2, म्हणजे सहांपैकी दुसरी पातळी, तरी करून या. इथे आल्यावर अभ्यास, काम आणि स्वयंपाक सांभाळून भाषेला वेळ काढणं फार जड जातं.

2. सामान, थोडक्यात

वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, त्यामुळे मिक्सर चालतो. फक्त आपली तीन पिनांची गोल प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर आणा. कुकर आणा, त्याची जादा रिंग आणि शिट्टीही आणा. गोडा मसाला, काळा मसाला, आमसुलं, मेतकूट आणा. डाळ, तांदूळ, कणीक, पोहे प्रत्येक मोठ्या शहरातल्या आशियाई दुकानात मिळतात, त्यात किलो घालवू नका. चष्मा दोन आणा. थंडीचे कपडे आणि बूट मात्र इथेच घ्या. आपल्याकडचं जाड जॅकेट वाऱ्या-पावसात टिकत नाही.

3. घर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

विद्यार्थी असाल तर प्रवेश मिळाला त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहासाठी, म्हणजे तिथल्या श्टुडिरेंडनवेर्ककडे, अर्ज टाका. म्युनिक, श्टुटगार्ट, फ्रँकफर्टसारख्या शहरांत प्रतीक्षा यादी सत्रभर चालते. व्हिसा हातात आल्यावर अर्ज करणारे यादीच्या शेवटी जातात.

वसतिगृह नाही मिळालं तर दोन रस्ते. एक वेगे, म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर, आणि दुसरा स्वतंत्र लहान फ्लॅट. वेगेमध्ये आधी राहणारे लोकच नवीन माणूस निवडतात. ते तुम्हाला स्वयंपाकघरात बसवून तासभर गप्पा मारतील, काय शिकता, रविवारी काय करता, स्वयंपाक करता का, विचारतील. तिथे नोकरीच्या मुलाखतीसारखं ताठ बसू नका. आणि पहिला संदेश जर्मनमध्ये, स्वतःबद्दल पाच-सहा ओळींचा, त्या जाहिरातीतलं काहीतरी वाचून लिहिलेला असू द्या. एकच मजकूर शंभर जणांना पाठवणाऱ्याला उत्तर येत नाही.

जाहिरात वाचताना भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा, जिना-सफाई आणि बहुतेकदा हीटिंग धरून. घरातली वीज आणि इंटरनेट बहुतेक ठिकाणी त्याहूनही वेगळं. शिवाय हे जादा पैसे अंदाजाने घेतलेले असतात. वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि हिवाळाभर हीटर पाचवर ठेवून खिडकी उघडी टाकली असेल तर काही शे युरो भरायचं पत्र येतं. थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवा.

रिकामा फ्लॅट खरंच रिकामा असतो. बऱ्याचदा ओटा, सिंक, शेगडी, दिवेसुद्धा नसतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर विकत देऊ करतो. किंमत वाजवी असेल तर घ्या, नवीन बसवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि ते तीन समान महिन्यांच्या हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते घरून उसने पैसे मागवतात.

फसवणूक इथेही आहे आणि तिचा साचा ठरलेला आहे. शहराच्या मधोमध सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं. मालक म्हणतो मी परदेशात आहे, घर दाखवायला कोणी नाही, तुम्ही डिपॉझिट पाठवा, किल्ल्या कुरिअरने येतील. सोबत कोणाचा तरी पासपोर्ट आणि एखाद्या नावाजलेल्या संकेतस्थळासारखं दिसणारं पैसे भरायचं पान. दर वर्षी आपली मुलं यात पैसे घालवतात, कारण भारतातून घर शोधताना माणूस घाबरलेला असतो. नियम एकच ठेवा: स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक सेंटही पाठवायचा नाही. घर मिळत नसेल तर पहिला महिना हॉस्टेलमध्ये किंवा तात्पुरत्या खोलीत काढा. महाग पडलं तरी चालेल.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे, कारण त्यात घर खरं असतं. जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की इथे पत्ता नोंदवता येणार नाही. मूळ भाडेकरूने मालकाला न सांगता खोली दिलेली असते. दोन आठवड्यांसाठी ठीक, त्याहून जास्त दिवसांसाठी अशी खोली घेऊच नका. पुढची सगळी कामं तिथेच थांबतात.

करार करताना आणखी तीन गोष्टी बघा. कराराला शेवटची तारीख आहे का. ठराविक काळ घर सोडता येणार नाही अशी अट आहे का, ती दोन-दोन वर्षांचीही असते. आणि सोडण्याची मुदत. साधारणपणे ती तीन महिन्यांची असते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत नोटीस पोहोचली तर तो महिना धरला जातो, चौथ्या दिवशी पोहोचली तर अख्ख्या महिन्याचं भाडं जादा. नोटीस कागदावर, सहीनिशी लागते. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही.

किल्ल्या घेताना यूबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे घराच्या अवस्थेची नोंद, दोघांच्या सहीने करा. प्रत्येक ओरखडा, नळाचा डाग, मीटरचं वाचन लिहा आणि फोटो काढा. सोडताना डिपॉझिट यावरच परत मिळतं किंवा अडतं.

मालक शूफा मागेल, म्हणजे तुमच्या पैशाच्या व्यवहारांचा दाखला. नव्या माणसाचा तो रिकामाच असतो. त्याऐवजी नोकरीचा करार किंवा श्पेरकोंटोचं पत्र, पासपोर्टची प्रत आणि आधीच्या घरमालकाचं पत्र अशी एकच नीट पीडीएफ बनवून ठेवा. घर बघायला वीस जण येतात, आणि त्याच संध्याकाळी कागद पाठवणाऱ्याचा विचार आधी होतो.

4. आनमेल्डुंग: पत्त्याची नोंद

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. लागणारे कागद:

- पासपोर्ट आणि व्हिसा
- भरलेला नोंदणी अर्ज
- वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही इथे राहायला आलात याचं घरमालकाच्या सहीचं पत्र
- लग्न झालं असेल तर विवाह दाखला

भाडेकरार नेला की झालं असं समजून जाणारे परत पाठवले जातात. घरमालकाचं पत्र वेगळं लागतं आणि ते देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. किल्ल्या घेतानाच त्याच्या सहीसाठी कागद पुढे करा.

मोठ्या शहरांत वेळ, इथल्या भाषेत टेर्मीन, मिळणं हीच मोठी अडचण. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास रद्द झालेल्या वेळा पोर्टलवर दिसतात. शहराच्या कडेच्या उपनगरातल्या कार्यालयातही वेळ लवकर मिळते, आणि बहुतेक शहरांत त्याच शहरातलं कुठलंही नागरिक कार्यालय चालतं. दोन आठवड्यांत वेळ मिळालीच नाही तर पुढची मिळेल ती घ्या आणि मुदतीच्या आत प्रयत्न केल्याचा पुरावा म्हणून वेळ घेतल्याचा ईमेल जपून ठेवा.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो माहितीसाठी नाही, करासाठी आहे. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल लिहिलं तर पगारावरच्या आयकराच्या 9 टक्के (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत 8 टक्के) चर्च कर सुरू होतो. वसईच्या, गोव्याच्या ख्रिस्ती मित्रमैत्रिणींनी हे आधीच समजून, विचार करून तो रकाना भरावा. नंतर त्यातून बाहेर पडायचं तर अधिकृतपणे चर्च सोडल्याची नोंद करावी लागते, आणि श्रद्धा असलेल्या माणसाला ते जड जातं. हिंदू, बौद्ध, जैन वगैरेंना हा कर नाही.

काम झालं की मेल्डेबेशाइनिगुंग नावाचा कागद मागून घ्या आणि लगेच स्कॅन करा. घरी येऊन पहिलं काम: टपालपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव लावा. इथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. दोन ते चार आठवड्यांत 11 आकडी कर क्रमांक याच पेटीत येणार आहे, बँकेचं कार्ड आणि पिनही. पुढे घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत नवी नोंद करावी लागते.

5. आरोग्य विमा: घाईत निर्णय घेऊ नका

विमा नसताना इथे राहता येत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीच्या विम्यात, म्हणजे कुठल्याही क्रांकेनकासेत, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतात. त्याच वेळी एखादा एजंट पस्तीस-चाळीस युरोंची खाजगी पॉलिसी दाखवतो आणि घरून पैसे आणलेल्या मुलाला मोह होतो. कृपा करून थांबा. एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात परत येता येत नाही. स्वस्त पॉलिसीत जुने आजार, दात, मानसिक उपचार, बाळंतपण यांतलं बरंच काही वगळलेलं असतं, आणि परवान्याच्या वेळी ती पुरेशी मानली जाईलच असं नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही. त्यांनी निघण्याआधीच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारून घ्यावं.

नोकरदारांचा हिशोब सोपा आहे. पगाराच्या 14.6 टक्के आणि वर क्रांकेनकासेचा थोडा जादा दर, त्यातलं अर्धं मालक भरतो. पगार ठराविक मर्यादेच्या वर असेल तर खाजगी विम्यात जाता येतं. तरुण, अविवाहित माणसाला ते स्वस्त दिसतं. लग्न होऊन जोडीदार नोकरीविना इथे आला, मूल झालं की सरकारी विम्यात ते बहुधा फुकट जोडले जातात, खाजगीत प्रत्येकाचा वेगळा हप्ता. परतीची वाट अवघड. माझं स्पष्ट मत: पहिली काही वर्षं सरकारी विमाच घ्या.

यासोबत हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा, नक्की घ्या. वर्षाला पन्नास-साठ युरोंत येतो. तुमच्या वॉशिंग मशीनचं पाणी खालच्याच्या छतातून गळलं, सायकलवरून कोणाला धडकलात, तर तोच वाचवतो. बाकी एजंट जे काही विकायला येतील त्यांना पहिल्या वर्षी नाही म्हणा.

6. बँक, फोन, प्रवास

पासपोर्ट आणि मेल्डेबेशाइनिगुंग घेऊन चालू खातं उघडा. श्पेरकोंटोतले महिन्याचे पैसे तिथेच येतात. भारतातल्या बँकेलाही कळवा. परदेशात राहायला आल्यावर तिथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करावं लागतं, विद्यार्थ्यांनाही. हे बहुतेक जण वर्षानुवर्षं पुढे ढकलतात आणि मग जमिनीच्या किंवा एफडीच्या वेळी अडचणीत येतात.

फोनसाठी आधी प्रीपेड सिम घ्या. करार साधारण 24 महिन्यांचे असतात. ऑनलाइन घेतला असेल तर पहिल्या 14 दिवसांत रद्द करता येतो.

प्रवासासाठी डॉइचलांडटिकेट जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे. देशभरातल्या शहर बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. विनातिकीट सापडलात तर 60 युरो, मग तिकीट शिक्क्यासाठी मशीनमध्ये टाकायचं राहिलं असलं तरीही.

7. टपाल: प्रत्येक पाकीट उघडा

नव्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान न उघडलेल्या पत्रांमुळे होतं. भाषा कळत नाही, भीती वाटते, पत्र टेबलावर पडून राहतं. इथे सरकारी पत्रावर मुदत असते. कर कार्यालयाच्या किंवा विम्याच्या निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिना मिळतो, आणि तो गेला की चुकीचा निर्णयही कायम होतो. पिवळं पाकीट आलं तर ते कायदेशीर बजावणीचं. त्यावर पोस्टमनने लिहिलेली तारीख हीच मुदतीची सुरुवात, म्हणून पाकीटही फेकू नका.

रुंडफुंकबाइट्राग हे पत्र नोंदणीनंतर काही आठवड्यांत येतंच. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नाही म्हणून सुटका नाही. पण ती घरामागे आहे, माणसामागे नाही. वेगेमध्ये एक जण भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा, तुमची वेगळी लागणार नाही. दुर्लक्ष केलंत तर ती दंडासह साठत जाते आणि शेवटी बँक खात्यावर जप्ती येऊ शकते.

आबमानुंग हा सिनेमा टोरेंटवरून उतरवल्याचा वकिलाकडून आलेला दावा. रक्कम शेकडो युरोंची. भारतातली सवय इथे चालवून दाखवायचा प्रयत्न अजिबात करू नका. वेगेत इंटरनेट ज्याच्या नावावर असतं त्याच्याकडे पत्र जातं आणि घरातले संबंध बिघडतात. आलंच तर घाबरून सोबतच्या हमीपत्रावर तशीच सही करू नका. ग्राहक सल्ला केंद्राकडे किंवा विद्यार्थी संघटनेच्या कायदा सल्लागाराकडे जा.

भाड्याच्या भांडणासाठी प्रत्येक शहरात भाडेकरू संघ असतो. वर्षाच्या वर्गणीत वकील तुमचा करार वाचून देतो.

8. निवास परवाना

व्हिसा संपायच्या दोन-तीन महिने आधी आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, अर्ज करा. शुल्क साधारण 100 युरो. लागतात: पासपोर्ट, पत्त्याची नोंद, भाडेकरार, विम्याचं पत्र, पैशाचा पुरावा, विद्यापीठाचं किंवा नोकरी देणाऱ्याचं पत्र. 2025 पासून परवान्यासाठी कागदी फोटो चालत नाहीत, डिजिटल लागतो. कार्यालयातल्या मशीनवर काढता येतो.

कार्यालयं तुडुंब आहेत. पण व्हिसा चालू असताना अर्ज पोहोचला की निर्णय होईपर्यंत तुमचा जुना हक्क कायम राहतो. त्याचा पुरावा म्हणून फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग मागा. ती हातात आल्यावर आत कोणत्या रकान्यावर खूण आहे ते नीट बघा. निवास कायद्याच्या कलम 81 च्या परिच्छेद 4 वर असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 वर असेल तर जर्मनी सोडल्यावर परत येण्यासाठी ती पुरत नाही. भावाचं लग्न म्हणून तिकीट काढण्याआधी हे पाहा, आणि कुठल्या देशातून विमान बदलता तेही तपासा.

9. शिकताना काम

वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन जानेवारी 2026 पासून तासाला 13.90 युरो आहे. मिनीजॉबची, म्हणजे थोड्या तासांच्या छोट्या नोकरीची, कमाईची मर्यादा महिन्याला 603 युरो. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर गेलात तर विमा विद्यार्थ्याचा राहत नाही, आणि परवान्यालाही अडचण येते. रोख पैसे देतो, कागद नको म्हणणाऱ्याकडे काम करू नका, मग तो आपल्या भागातला असला तरीही. दुखापत झाली तर कोणीच जबाबदारी घेत नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. त्या मुदतीत नोकरी मिळवणारे बहुतेक ते असतात, ज्यांनी शिकतानाच आपल्या विषयातलं काम केलेलं असतं.

10. शेजार आणि कचरा

रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, रविवारी दिवसभर. ड्रिल, व्हॅक्यूम, मिक्सर बंद. चटणी शनिवारी वाटून ठेवा. रविवारी दुकानंही बंद असतात.

कचरा चार भागांत: ओला, कागद, पॅकेजिंग, उरलेला. काच रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या पेटीत, तीही रविवारी नाही. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅनवर 25 सेंट जमा असतात, दुकानातल्या मशीनमध्ये टाकून परत घ्या. श्टुटगार्ट भागात येणार असाल तर केअरवोखे माहीत हवी. आठवड्याची पाळी आली की जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा. दाराला पाटी लटकते. बऱ्याच घरांत ती करारातच असते, आणि शेजारची आजी त्यावरून तुम्हाला ओळखायला लागते. पहिल्या पाळीला नीट झाडा, तिच्याशी दोन शब्द बोला. पुढे तुमची पार्सलं तीच घेऊन ठेवते.

घरात दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडून हवा खेळवा. आपल्या फोडण्या आणि वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतीवर बसून बुरशी येते, आणि डिपॉझिट त्यात जातं.

11. आजारी पडल्यावर

आधी घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बरं असतानाच गाठून ठेवा. बरेच जण नवे रुग्ण घेत नाहीत. रात्री-सुट्टीला डॉक्टर हवा तर 116117, जीव धोक्यात असेल तर 112, पोलीस 110. साधी पॅरासिटामॉलही औषधाच्या दुकानातच मिळते, सुपरमार्केटात नाही, आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही. नोकरीवर असाल तर पहिल्या दिवशी सकाळीच कळवा. तीन दिवसांहून जास्त आजारी असाल तर डॉक्टरचा दाखला लागतो. काही करारांत तो पहिल्याच दिवशी मागतात.

मनाचं आजारपणही यातच. नोव्हेंबरपासून दुपारी साडेचार-पाचलाच अंधार होतो, आणि भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. घरचे झोपायला निघालेले, तुम्ही एकटे. विद्यापीठात मोफत समुपदेशन असतं, त्याचा वापर करा. आठवड्यातून एक ठिकाण ठरवून घ्या जिथे जर्मन माणसं भेटतील: विद्यापीठाचे खेळ, गायनमंडळ, प्रौढांसाठीच्या लोकशाळेतला वर्ग. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, दिवाळी होते. तिथे पहिल्या वर्षी मदतीला जा, खुर्च्या लावायला जा. मुंबई आणि श्टुटगार्ट तर 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, इथल्या लोकांना आपल्याबद्दल उत्सुकता असते. फक्त सगळी संध्याकाळ आपल्याच माणसांत घालवली तर दोन वर्षांनीही दुकानात इंग्रजीच बोलावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

12. वाहन परवाना

भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतो, सोबत भाषांतर ठेवा. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गाडी चालवायचीच असेल तर सहा महिने संपायच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला.

13. पहिल्या वर्षाचा कर परतावा

वर्षाच्या मध्येच नोकरी लागली असेल तर वर्षभराच्या उत्पन्नाच्या मानाने कर बहुतेक जास्त कापला गेलेला असतो. विवरणपत्र भरलं तर तो परत मिळतो. भरणं बंधनकारक नसलेल्यांना मागच्या चार वर्षांपर्यंतचं भरता येतं, त्यामुळे विद्यार्थीदशेतल्या कामाचंही बघा. पगारपत्रकं, वर्षअखेरीचा कर दाखला, लॅपटॉपची आणि कामासाठी केलेल्या घरबदलाची बिलं एका फाईलमध्ये ठेवा. सरकारी पोर्टल एल्स्टर फुकट आहे, पण त्याचा सुरुवातीचा कोड टपालाने येतो. भरायला बसायच्या दोन आठवडे आधी नोंदणी करा.